तुमचंच ठेवलंय

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने बटण दाबलं आणि माझ्या कानात म्हणाला, "ताई, फारच स्वच्छ गायलात हो."

स्वच्छ हा शब्द त्याने कौतुकाने उच्चारला नव्हता, एवढं मला कळलं. मी मुद्दामच तसं गायले होते. सूर जिथल्या तिथे, शब्द कागदावरचे, श्वास ओळ संपल्यावर. कुणाला त्यातून काही उचलून न्यायचं म्हटलं तर हाताला काही लागू नये, एवढाच माझा हेतू होता. कुणाला म्हणजे धाकटीला.

"चालेल की," मी म्हणाले. "स्क्रॅचच तर आहे."

चोवीस वर्षं मी स्क्रॅच गाते. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. त्याच्या धंद्यात स्क्रॅच म्हणजे काचेवरचा ओरखडा, ज्यापायी गिऱ्हाईक चष्मा परत आणून काउंटरवर आपटतं. आमच्या धंद्यात स्क्रॅच म्हणजे मोठ्या गायकाने गाण्याआधी कुणीतरी गाऊन ठेवलेलं कच्चं गाणं. ते ऐकून मोठी माणसं चाल शिकतात, आपल्या आवाजात गातात, आणि मग आमचं बंद करून टाकतात. इमारत बांधताना परांची लावतात ना, तसं. इमारत उभी राहिली की बांबू उतरवायचे. बांबूंना आत राहायला कुणी बोलावत नाही, आणि त्याबद्दल मी कधी कुरकुरलेही नव्हते. धाकटी येईपर्यंत तरी नाही.

धाकटी हे काही तिचं नाव नाही. ती एका मालिकेत सहा वर्षं धाकटी सून होती, तेव्हापासून सगळं जग तिला धाकटीच म्हणतं. रोज संध्याकाळी साडेसातला ती रडायची आणि घरोघरच्या बायका तिच्याबरोबर रडायच्या. मीही बघायचे, खोटं कशाला बोलू? रडायची मात्र छान. नाक लाल न करता रडणं मला आजवर जमलेलं नाही. पुढे मालिका संपत आली तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की चेहरा इतका ओळखीचा आहे, तर हिला गायला लावू. हिच्यासाठी स्क्रॅच गायचंय असं सरांनी, म्हणजे आमच्या संगीतकारांनी, मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, आता सुना गाणार, तर मग गाणाऱ्यांनी काय घराघरांत जाऊन रडायचं? सर हसले. सर प्रत्येक गोष्टीला हसतात, त्याचा काही उपयोग नसतो.

त्या दिवशी, म्हणजे आठ वर्षांपूर्वी, स्टुडिओची लिफ्ट बंद होती. स्टुडिओ चौथ्या मजल्यावर. मला उशीर झालेला, म्हणून एका दमात चार मजले चढले, जड दार ढकलून आत शिरले, आणि रेकॉर्डिस्टने पाणीही पिऊ न देता माइकसमोर उभं केलं, कारण तासाभराने खोली दुसऱ्याला द्यायची होती. मी कागद हातात घेतला आणि गाऊन टाकलं. धृपदाच्या ओळीत माझा दम तुटला. "दार लोटून..." इथे एक श्वास, चांगला धापेसकट, आणि मग "...जा, मागे पाहू नको." मी म्हटलं, परत घेऊ का? तो म्हणाला, राहू दे ताई, स्क्रॅचच तर आहे. मी घरी गेले आणि विसरून गेले.

तीन महिन्यांनी मी औषधाच्या दुकानात उभी होते. दुकानदाराचा रेडिओ चालू होता. आधी नुसती बासरी ऐकू आली, मग धाकटीचा आवाज, बरा होता, ताणून धरलेला. आणि मग धृपद आलं. "दार लोटून..." आणि तो श्वास. दुकानदार मला तीनदा विचारत होता की गोळ्यांची एक पट्टी देऊ की दोन, आणि मी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होते. माझी धाप होती ती. स्वतःची धाप माणसाला ओळखू येणार नाही तर काय शेजाऱ्याला येणार?

तिथूनच, फुटपाथवर उभी राहून, मी रेकॉर्डिस्टला फोन लावला. गाड्यांचा गोंगाट चालू होता. मी ओरडून विचारलं, "ते 'लोटून जा'... ते माझं आहे का हो?"

तो हसला. "हो ताई, तुमचंच ठेवलंय. सरच म्हणाले, हेच राहू दे. पण बोलू नका कुठे, कवीचं डोकं आधीच फिरलंय."

आमच्या धंद्यात 'ठेवणं' या शब्दाला एकच अर्थ आहे. दहा वेळा गायलेलं असतं, त्यातलं एक ठेवतात. बाकीचं फेकतात. माझं तोवरच्या सोळा वर्षांत कधी काही ठेवलं नव्हतं, ते आता ठेवलं होतं. कवीचं डोकं का फिरलं तेही मला समजलं. आपल्या ओळीत कुणा बाईची धाप घातलेली कुठल्या कवीला आवडेल? मी गोळ्या न घेताच घरी गेले.

मी हे फक्त एकाच माणसाला सांगितलं, नवऱ्याला. आता माझ्या नवऱ्याला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. नंबर तपासायला गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लागलं, की हा शेजारी उभा राहून सांगणार, ते गाणं ऐकलंत का, त्यातली मधली ओळ आमच्या घरची आहे बरं का. बघता बघता माझ्याकडे मुलं गाणं शिकायला यायला लागली. अकरा झाली. त्यांच्या आया दारात चपला काढताना हळूच विचारायच्या, "ती ओळ तुमचीच ना?" मी नुसती खाली बघायचे. नाही म्हणायला जीभ रेटायची नाही आणि हो म्हणायची गरज पडायची नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावर बाई सुखी झाली असेल. छे! मी आणखीच जळायला लागले. आधी मला धाकटीचा नुसता हेवा वाटायचा, जसा टीव्हीवरच्या कुणाही गोऱ्यागोमट्या बाईचा वाटतो तसा. आता तिच्याकडे माझी वस्तू होती आणि ती अंगावर घालून गावभर मिरवत होती. चंदेरी बूट घालून स्टेजवर उभी राहायची, हजारो माणसं खाली वाट बघत असायची, आणि तो श्वास आला की किंचाळायची. माझ्या धापेला टाळ्या! एका मुलाखतीत तिला विचारलं की हा श्वास तुम्हाला कसा सुचला, तर बाई गोड हसून म्हणाली, "सुचला नाही, मिळाला." मिळाला म्हणे. रस्त्यात पडला होता का? मी उशी उचलून टीव्हीवर फेकली. नवरा म्हणाला, उशी फाटली तर कापूस तूच वेचायचास.

आणि त्यावर कडी म्हणजे माझ्याच शिकवणीत. एका मुलीची आई येऊन बसली आणि म्हणाली, हिला स्पर्धेत हेच गाणं म्हणायचंय, तो श्वास नीट बसवून द्या. ओळीच्या मध्ये श्वास तोडायचा नाही, हे मी त्या मुलांना दोन वर्षं ओरडून सांगत होते. त्या दिवशी मी माझी चूक माझ्याच शिष्येला बरोबर करून शिकवली.

मग धाकटीच्या दुसऱ्या अल्बमची वेळ आली. सरांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता गुणगुणत होते. तसाच फोन उचलला आणि म्हणाले, सर, घसा बसलाय. कसलीही तयारी नव्हती, तोंडातून आपोआप निघालं. गाऊ दे तिला स्वतःचं स्वतः, बघू किती पाण्यात आहे, असं मनात होतं. स्क्रॅच दुसऱ्या कुणा मुलीने गायलं. अल्बम आपटला. एक गाणं कुणाच्या तोंडी बसलं नाही. त्या दिवशी मी चहात दोन चमचे साखर जास्त घातली आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे. तिसऱ्या अल्बमलाही माझा घसा बसलेलाच होता. तोही आपटला. धाकटी मुकाट्याने मालिकेत परत गेली, आता थोरली जाऊ म्हणून. मध्येच गाण्याच्या कार्यक्रमात परीक्षक झाली, मग पुन्हा मालिका, पुन्हा एखादं गाणं. मी म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या. नवरा म्हणायचा, तिच्या चिंध्यांचे लोक पडदे करतात, आपल्या चिंध्या पायपुसण्यालाच जातात. हा माणूस नक्की कुणाच्या बाजूने आहे हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही.

आता तिची नवी मालिका येणार होती. त्यात ती गायिकेचं काम करणार, आणि मालिकेचं शीर्षकगीत म्हणून तेच जुनं गाणं नव्या कडव्यासह पुन्हा करायचं ठरलं होतं. सरांनी विचारलं, घसा कसा आहे? मी नाही म्हणणारच होते. पण त्याआधी रेकॉर्डिस्टकडून कळलं होतं की जुन्या गाण्याची फाईल उघडायची आहे, सगळे आवाज वेगवेगळे काढून. मी म्हणाले, घसा उत्तम आहे.

सकाळी निघताना नवऱ्याला सांगितलं की आज ती ओळ एकटी वाजवायला लावणार, तिच्या देखत. तो म्हणाला, झाल्या झाल्या फोन कर. दुकानात जाताना त्याने ठेवणीतला शर्ट घातला. कशासाठी ते मी विचारलं नाही.

तर मी अशी स्वच्छ गाऊन बाहेर आले आणि धाकटी दारातून आत आली. एक तास लवकर. त्या दारावर पाटी आहे, 'दार ओढून घ्यावे', कारण ओढून घेतल्याशिवाय कुलूप बसत नाही आणि बाहेरचे आवाज आत येतात. तिने पाटी वाचून दार दोन्ही हातांनी ओढून घेतलं.

आठ वर्षांत आम्ही कधी समोरासमोर आलोच नव्हतो. मी गाऊन गेल्यावर ती आली होती, तीच या धंद्याची रीत. चाळिशीला टेकली असेल. तोंडाला काही लावलेलं नाही, डोळ्यांवर जाड चष्मा, माझा नवरा लांबूनच नंबर सांगेल इतका जाड, आणि छातीशी एक वही. मेकअप न करताही कातडी तुळतुळीत होती, म्हणजे मला समाधान मिळेल असं तिच्यात काहीच नव्हतं. "तुम्हीच ना ताई?" म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही. खांद्यांकडे, हातांकडे, गळ्याकडे. शिंपी माप घेताना बघतो तसं.

मी तिला बस म्हटलं नाही. रेकॉर्डिस्टकडे वळून म्हणाले की जुनी फाईल उघडलीच आहे तर धृपदाची ओळ जरा वाजवा, नुसता आवाज, बाकी सगळं बंद करून. त्याने विचारलं, कशाला? मी म्हटलं, असंच.

त्याने वाजवली. ना बासरी, ना ठेका, नुसती ओळ, उघडी. "दार लोटून..." तो श्वास. "...जा." अंगावर काटा आला माझ्या. मी धाकटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग आठ वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य मी बोलले.

"हा आवाज माझा आहे. हिच्यासमोर एकदा कुणीतरी तसं म्हणावं, एवढंच मला हवंय."

रेकॉर्डिस्टने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. "ताई, हा मॅडमचा ट्रॅक आहे. तुमचा हा खाली, बंद करून ठेवलेला."

आणि त्याने तो चालू केला.

ती मी होते, त्यात शंकाच नव्हती. धाप भात्यासारखी मोठी, 'जा' किंचित खाली घसरलेला, मागे कागदाचा खुळखुळ, आणि ओळ संपल्यावर माझंच बोलणं, "परत घेऊ का?", आणि त्याचं, "राहू दे ताई." हे रेडिओवर कधी वाजलं नव्हतं. हे कुणीच कधी ऐकलं नव्हतं. जो आवाज माझा म्हणून मी आठ वर्षं ऐकत आले, तो माझ्यापेक्षा थोडा बरा होता, आणि तेवढंही माझ्या लक्षात येऊ नये? औषधाच्या दुकानात, टीव्हीसमोर, शिकवणीत, शेकडो वेळा ऐकला, आणि मला स्वतःचा आवाज ओळखता आला नाही. गाणारी म्हणवते मी स्वतःला.

"पण तुम्ही म्हणालात," मी त्याला म्हटलं, "तुमचंच ठेवलंय."

त्याला आठवायला वेळ लागला. मग त्याने कपाळावर हात मारला. "शब्द हो, ताई. कागदावर 'ओढून' होतं. 'दार ओढून जा.' तुम्ही 'लोटून' गायलात. सर म्हणाले, हेच ठेवा. कवी काय भांडलाय तेव्हा. आणि मग त्याच शब्दासाठी बक्षीस घेऊन आला."

फाईलमध्ये त्या कागदाचा फोटोही होता. त्याने दाखवला. 'ओढून' असंच होतं, चांगलं ठळक अक्षरात. मी तो शब्द वाचलाच नव्हता. आमच्या घरचं दार ओढलं की कडी आपोआप पडायची, मग उघडायला आईला उठावं लागायचं, आणि तिचे गुडघे धरलेले. म्हणून मी गाण्याच्या शिकवणीला निघाले की ती आतून सांगायची, दार लोटून जा. वीस वर्षं रोज ऐकलेलं तोंडात बसलं होतं, ते धावत्या दमात बाहेर पडलं. आणि मी त्या कवीला टीव्हीवर अर्धा तास 'लोटून' या शब्दाबद्दल बोलताना पाहिलं होतं, किलकिलं दार काय, उरलेली आशा काय. मी मान डोलावली होती त्यावर.

मला रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. रेकॉर्डिस्ट उगाच माऊस हलवत बसला. मग धाकटी बोलली, माझ्याकडे न बघता.

"एकोणीस दिवस ऐकत होते मी तुम्हाला. मेकअपच्या खोलीत, गाडीत, झोपताना. मला गाता येत नाही, ताई. मला माणसं करता येतात. सहा वर्षं सून केली. गाण्यात तुम्हाला केलं."

तिने छातीशी धरलेली वही दुसऱ्या हातात घेतली.

"पुढच्या वेळी तुमचा घसा बसला. त्या दुसऱ्या मुलीने फार नीट गायलं होतं. त्यात करण्यासारखं कुणी नव्हतंच." एवढं म्हणून तिने वर पाहिलं. "आता बरा आहे ना घसा?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर सोपं गेलं असतं. तिला चोर म्हणायचं तर तिने माझी वस्तू जिथल्या तिथे ठेवून शेजारी बसून तशीच दुसरी घडवली होती, एकोणीस दिवस खपून. आणि मी काय केलं होतं? तिच्या तोंडचं काढून घेतलं होतं, दोनदा, आणि चहात साखर घातली होती.

"घसा बसला नव्हता," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "वाटलं होतं मला. मीही नसतं गायलं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा. मी उचलला तर मागे दुकानातले आवाज, आणि त्या आवाजांतसुद्धा मला कळलं की तो एकटा नाही, चारजण जमवून उभा आहे. "काय निघालं?" त्याने विचारलं. मी 'माझाच' म्हटलं असतं तर तिथे कोण तपासायला येणार होतं? अकरा मुलं, त्यांच्या आया, गल्ली, दुकान, सगळे जसेच्या तसे राहिले असते.

"आवाज तिचा आहे," मी म्हणाले. "शब्द तेवढा माझा."



"कुठला शब्द?"

"लोटून."

"अगं, मग त्या गाण्यात आणखी आहे काय?" असं म्हणाला आणि गिऱ्हाईक कधीचं एक डोळा झाकून बसलंय म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचा आवाज मात्र ठीक नव्हता. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, माझ्यासाठी वाटलं त्यापेक्षा जास्त.

धाकटीने मघाचं माझं नवं गाणं मागून घेऊन ऐकलं. एकदाच. हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिली, म्हणायचं काय ते तिला म्हणवेना. मीच म्हटलं, "माहितीये. यात कुणी नाही."

मी पुन्हा आत गेले, माइकसमोर. धृपदाला आले, "दार लोटून", आणि मुद्दाम श्वास घेतला. काचेपलीकडे दोघांनी एकदमच मान हलवली. पुन्हा घेतला. तो तर त्याहून खोटा. धाकटी आत डोकावून म्हणाली की ग्लिसरीन घालून रडल्यासारखं वाटतंय, आणि ते तिच्याइतकं कुणाला कळणार? चार वेळा केलं. धाप काही हुकमावर लागत नाही.

मी हेडफोन काढून खुंटीला अडकवले आणि रेकॉर्डिस्टला विचारलं, "आज लिफ्ट चालू आहे ना?"

"हो, आहे की."

"तीच तर पंचाईत आहे."

त्याला कळायच्या आत मी चपला घातल्या. चौपन्न वर्षांची आहे मी, गुडघे आईवर गेलेत. त्याने तेच सांगितलं, जरा आडून. मी म्हटलं, माइक चालू ठेवा, आल्या आल्या घ्यायचंय. धाकटी उठली, वही खुर्चीवर ठेवली आणि माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली. खाली जाईपर्यंत दोघी दाराकडे तोंड करून उभ्या होतो.

खाली पोचल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पुढे चला, ताई. मी एक जिना मागे राहते."

मी चढायला लागले. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्यावर पदर खोचला. माझ्या मागे तिची पावलं येत होती, माझ्यासारखीच, उजवा पाय आधी, डावा ओढत. मी थांबले, तर तीही थांबली. मी कठड्याला धरलं, तर खाली तिच्या बांगडीचा कठड्यावर आवाज झाला. तिसऱ्या मजल्यावर माझा दम तुटला आणि मी तोंड उघडून श्वास घ्यायला लागले. खालून तसाच श्वास येत होता. तोच. आणि खरं सांगते, त्या घटकेलाही मला तिचा हेवा वाटला. माझीच धाप, पण तिला जास्त शोभत होती.

पण शेवटचा जिना मी जोरात चढले. आता थांबले असते तर श्वास खाली बसला असता आणि सगळंच फुकट गेलं असतं. चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. मी खांद्याने दार ढकललं आणि आत शिरले. ती अजून अर्ध्या जिन्यात होती. मागे दारावर पाटी होती, दार ओढून घ्यावे. मी दार नुसतं लोटलं आणि माइककडे गेले.